जनावरांच्या आजारांचे पुस्तक आणि तंजावरचे सरफोजीराजे

माण-हिंजवडी भागातले लोक आमच्याकडे सरकारी रुग्णालयात येतात, त्यांतले बरेचसे कुत्रा चावला म्हणून. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली का, हा माझा पहिला प्रश्न. उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच असते. हळद, चुना, तिखट असे काहीतरी मात्र लावलेले असते. मग लस, जखम खोल असेल तर सोबत सिरम, पुढच्या तारखा. केसपेपर लिहून होतो आणि उठता उठता कुणीतरी विचारते, की जनावरांच्या आजारांवर एखादे चांगले पुस्तक आहे का.

विचारणारे तीन तऱ्हेचे असतात. एक म्हणजे मुलगा किंवा मुलगी शिरवळला, परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयात लागलेले पालक. दुसरे प्रत्यक्ष जनावरांवर उपचार करणारे. तिसरे आणि संख्येने सर्वांत जास्त म्हणजे जनावरे पाळणारे. माणमध्ये एकीकडे अजून म्हशींचे गोठे आहेत, दुसरीकडे विसाव्या मजल्यावर मांजर आणि लॅब्राडोर आहे. मी माणसांचा डॉक्टर. पण रेबीज, ब्रुसेला, लेप्टोस्पायरा हे आजार जनावरांकडूनच माझ्या रुग्णापर्यंत येतात, त्यामुळे पशुवैद्यकाचे एक पुस्तक माझ्याही हाताशी असते.

दोन-चार नावे सांगून या प्रश्नातून सुटका करून घेता येते. पण पुस्तक कशावरून निवडायचे, हे तेवढ्याने कळत नाही. ते समजायला मला एका मराठी राजाचे आयुष्य फार उपयोगी पडले. तंजावरचे दुसरे सरफोजी भोसले, १७७७ ते १८३२. दक्षिणेत त्यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. आपल्याकडे तंजावर म्हटले की चित्रे आठवतात, फार तर सरस्वती महाल ग्रंथालय.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि तिथे मराठ्यांची गादी सुरू झाली. त्या गादीवरचे तुळजाजीराजे निपुत्रिक राहिले. मुले झाली, पण जगली नाहीत. १७८७ मध्ये मृत्यू जवळ आला असताना त्यांनी भोसले घराण्यातल्या एका शाखेतला नऊ-दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तोच सरफोजी. त्याचा सांभाळ करण्याची विनंती तुळजाजींनी केली ती एका जर्मन मिशनऱ्याला, ख्रिस्तियन फ्रीडरिख श्वार्ट्‌झ यांना. काही दिवसांत राजे वारले आणि गादी मुलाला न मिळता तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह यांना मिळाली.

ती कशी गेली, हे पाहण्यासारखे आहे. दत्तकविधान शास्त्राला धरून आहे का, असे ईस्ट इंडिया कंपनीने पंडितांना विचारले. पंडितांनी ग्रंथ उघडले आणि दत्तक अवैध ठरवला. काही वर्षांनी पुन्हा पंडितांना विचारले गेले. ग्रंथ तेच होते; या वेळी दत्तक वैध ठरला. ग्रंथात लिहिले आहे एवढ्यावर काही ठरत नाही, तो कोण वाचतो आणि कुणासाठी वाचतो यावर पुष्कळ अवलंबून असते. हा धडा या मुलाला वयाच्या दहाव्या वर्षी स्वतःच्या गादीवरून मिळाला. पुढे त्यांनी ग्रंथांशी जो व्यवहार केला, त्याच्या मुळाशी हे असावे, असे मला वाटते.

अमरसिंहांच्या काळात हा मुलगा जवळजवळ नजरकैदेत होता. धड शिक्षण नाही, मोकळेपणाने बाहेर पडणे नाही. श्वार्ट्‌झ यांनी कंपनीकडे तक्रारी केल्या आणि १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलवले. तिथे गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिक्षण झाले. मराठी आणि संस्कृत घरचे, तमिळ आणि तेलुगू मुलखाचे, त्यात आता इंग्रजीची भर पडली. भूगोल, गणित, निसर्गविज्ञान असे विषय शिकलेला तो त्या काळातला विरळा हिंदी राजपुत्र होता. धर्म मात्र त्यांनी बदलला नाही. गुरू मिशनरी, विद्या युरोपची आणि देवपूजा घरची, हे सगळे त्यांनी आयुष्यभर एकत्र चालवले आणि त्यात त्यांना कधी अडचण वाटल्याचे दिसत नाही.

श्वार्ट्‌झ फेब्रुवारी १७९८ मध्ये वारले. सरफोजी गादीवर बसले जून १७९८ मध्ये. ज्याने हा दिवस आणण्यासाठी दहा वर्षे खटपट केली, तो चार महिन्यांनी चुकला. राजांनी पुढे लंडनचे शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. आजारी श्वार्ट्‌झ यांच्या बिछान्याशी उभे असलेले सरफोजी त्यात कोरलेले आहेत. ते तंजावरच्या चर्चमध्ये आजही आहे.

गादी मिळाली, राज्य मात्र दीड वर्षही टिकले नाही. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला वाडा, किल्ला, वर्षाला एक लाख पॅगोडा आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. वय बावीस. इतर अनेक संस्थानिकांना असा पैसा आणि असा रिकामा वेळ मिळाला. त्याचे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. सरफोजींनी पुस्तके घेतली.

तंजावरच्या वाड्यात ग्रंथसंग्रह नायक राजांच्या काळापासून होता आणि आधीच्या भोसल्यांनीही तो वाढवला होता. सरफोजींनी त्याचे स्वरूपच बदलून टाकले. युरोपीय भाषांतली सुमारे साडेचार हजार छापील पुस्तके त्यांनी मागवली. पुस्तक आले की त्यावर ते इंग्रजीत सही करीत. त्या सह्या आजही पाहायला मिळतात. शिवाय वाड्यात देवनागरी टंकांचा छापखाना घातला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथून इसापनीतीचे मराठी भाषांतर छापून निघाले. पुण्यात तेव्हा छापखाना नव्हता. हे सांगितले की आपल्याकडच्या पुष्कळांना आश्चर्य वाटते.

राजांना घोड्यांचा नाद होता आणि त्यांची पारखही होती. बिशप हेबर १८२६ मध्ये तंजावरला आले, तेव्हा त्यांनी लिहून ठेवले आहे की आसपासचे इंग्रज अधिकारी या राजाला मानतात ते घोड्याचा खरा जाणकार आणि वाघाचा धीट शिकारी म्हणून. लाव्हाझिए, लिनियस, ब्यूफाँ यांची नावे आणि मते राजांच्या बोलण्यात सहज येत, हेही हेबर नोंदवतात. यांतला ब्यूफाँ प्राण्यांच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध. वाड्यात हत्ती, घोडे, बैल होते. आवारात प्राणी-पक्ष्यांचा संग्रहही केला होता. म्हणजे जनावरांच्या आजारांवर पुस्तक हवे, ही त्यांची रोजची गरज होती. ती भागणार कुठून?

त्या वेळी युरोपातच पशुवैद्यक नवे होते. जगातले पहिले पशुवैद्यकीय विद्यालय फ्रान्समध्ये ल्याँ इथे १७६१ मध्ये स्थापन झाले. बुळकांडीने युरोपातली गुरे पटापट मरत होती, हे त्यामागचे एक मोठे कारण. लंडनचे विद्यालय १७९१ चे, म्हणजे सरफोजी तेव्हा चौदा वर्षांचे. त्याआधी इंग्लंडात घोड्यांवर उपचार करीत ते नालबंद. ल्याँला शिकलेले विल्यम मूरक्रॉफ्ट हे पशुवैद्य कंपनीच्या घोड्यांसाठी हिंदुस्थानात आले १८०८ मध्ये आणि बिहारात पुसा इथे राहिले. दक्षिणेतल्या राजाला हाक मारता येईल असा शिकलेला पशुवैद्य नव्हताच.

आपल्याकडे मात्र ग्रंथ होते आणि ते फार जुने होते. घोड्यांसाठी शालिहोत्र आणि त्या परंपरेतले पुढचे ग्रंथ, नकुलाच्या नावावरचे अश्वशास्त्र, जयदत्ताचे अश्ववैद्यक. हत्तींसाठी पालकाप्य मुनींचा ग्रंथ, अंगदेशाच्या रोमपाद राजाशी झालेल्या संवादाच्या रूपातला. त्यात महारोग, क्षुद्ररोग, शल्य आणि उत्तर अशी चार स्थाने आहेत. मोठे आजार वेगळे, किरकोळ वेगळे, शस्त्रक्रिया वेगळी. ही रचना पाहिली की कुणाही डॉक्टरला आपले पाठ्यपुस्तक आठवेल. हाच ‘हस्त्यायुर्वेद’ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ मध्ये छापला.

या जुन्या ग्रंथांतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अगदी साधी आहे. घोड्याचे शास्त्र वेगळे, हत्तीचे वेगळे. जनावर बदलले की ग्रंथ बदलतो. आजही पुस्तक हातात घेतल्यावर पहिल्यांदा हेच पाहायचे असते, आणि हेच लोक पाहत नाहीत. माणसाला उतार देणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करण्याची यकृतातली यंत्रणा मांजरात फार कमकुवत असते. गुंगीसाठी वापरले जाणारे झायलाझीन घोड्याला जितके लागते, त्याच्या साधारण दहाव्या भागात गाय आडवी होते. कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्यात घालतात ते मोनेन्सिन घोड्याच्या पोटात गेले तर हृदयाचे स्नायू निकामी होतात. सर्व प्राण्यांसाठी एकच मात्रा सांगणारे पुस्तक कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

जुन्या ग्रंथांची मर्यादाही इथेच दिसते. ते राजांच्या जनावरांचे ग्रंथ होते. गाय, म्हैस, शेळी यांच्या वाट्याला त्यांत फार थोडे आले. युरोपातल्या विद्यालयांचाही सुरुवातीचा भर घोड्यांवरच होता, कारण खर्च लष्कर करीत होते. आज पुस्तकांच्या दुकानात कुत्र्या-मांजरांवरची चकचकीत पुस्तके पुष्कळ मिळतात आणि परदेशी जाड ग्रंथांत गाय सविस्तर असते. म्हैस शोधावी लागते. घटसर्पासारखा आजार गाईपेक्षा म्हशीला अधिक लवकर धरतो. ज्याच्या गोठ्यात म्हशी आहेत, त्याने सूचीत आधी म्हैस शोधावी.

सरफोजींनी संस्कृत ग्रंथ टाकून दिले नाहीत आणि इंग्रजी पुस्तकांना डोक्यावरही घेतले नाही. दोन्ही शेजारी ठेवली. त्यापुढे त्यांनी जे केले, ते मला त्यांच्या ग्रंथसंग्रहापेक्षा मोठे वाटते. वाड्याशी जोडून त्यांनी धन्वंतरी महाल नावाची संस्था काढली. तिथे आयुर्वेदाचे वैद्य होते, सिद्ध परंपरेचे तमिळ वैद्य होते, युनानीचे हकीम होते आणि युरोपीय वैद्यक जाणणारेही होते. माणसांची औषधे तिथे तयार होत, तशी जनावरांचीही. वनस्पतींची हाताने रंगवलेली चित्रे करवून घेतली जात. पोथीतला पाठ पोथीत आहे म्हणून खरा न धरता रुग्णावर वापरून पाहायचा आणि जे दिसेल ते लिहून ठेवायचे, अशी तिथली रीत होती. या कामाचे अठरा खंड झाले.

त्या लिखाणाचा एक भाग माझ्या व्यवसायाच्या फार जवळचा आहे. डोळ्यांच्या ४४ रुग्णांचे इंग्रजीत लिहिलेले कागद तंजावरला सापडले. रुग्णाची लक्षणे, काय उपचार केले, पुढे काय झाले, आणि आजारी डोळ्याची रंगीत चित्रे. राजे स्वतः मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करीत, असे सांगितले जाते आणि बहुतेक लेखांत त्यावरच भर असतो. मला त्या कागदांचे मोल जास्त वाटते. दोनशे वर्षांपूर्वी एका मराठी राजवाड्यात केसपेपर लिहिले जात होते. सरकारी रुग्णालयात तीस वर्षे काढलेल्या माणसाला विचारा, केसपेपर नीट लिहून घेणे हे शस्त्रक्रियेइतकेच अवघड काम आहे.

तिथे जे पाठ गुणकारी ठरले, त्यांचे काय करायचे? संस्कृतात लिहिले तर पंडित वाचतील, इंग्रजीत लिहिले तर साहेब वाचतील. गावातला वैद्य आणि घरातली बाई काय वाचणार? म्हणून दरबारातल्या कवींकडून ते तमिळ पद्यात बांधून घेतले, आजारवार. पद्य पाठ होते, पाठ झालेले हरवत नाही. या रचना ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ नावाने ओळखल्या जातात. शरभेंद्र म्हणजे सरफोजीच. राजा मराठी, मूळ पाठ अनेक परंपरांतले, आणि औषधाची भाषा रुग्णाची. शिवाय सरस्वती महालात अश्वशास्त्र आणि गजशास्त्र यांच्या रंगीत चित्रांच्या प्रती आहेत. घोड्याच्या अंगावरची लक्षणे, हत्तीच्या जाती चित्रांत पाहता येतात. अक्षर न येणाऱ्या मोतद्दाराला किंवा माहुतालाही बोट ठेवून दाखवता येईल अशी ही पाने आहेत.

पंडितांना मूळ ग्रंथ, उपचार करणाऱ्यांना नोंदी, घरच्यांना पद्य आणि चित्रे. माझ्याकडे येणारे तीन प्रकारचे लोक आणि सरफोजींचे हे तीन प्रकारचे ग्रंथ मी नेहमी एकमेकांशी ताडून पाहतो.

विद्यार्थ्याला मूळ ग्रंथ लागतो, आणि तो जाड असतो याला इलाज नाही. शरीररचनेसाठी सिसन यांचे पुस्तक १९१० पासून चालत आले आहे. आजाराच्या अभ्यासासाठी ब्लड आणि हेंडरसन यांचे १९६० पासूनचे. नंतरच्या आवृत्त्यांवर संपादकांची नावे बदलली, पाया तोच राहिला. असे पुस्तक आजार का होतो इथून सुरुवात करते. ज्या पुस्तकात फक्त आजाराचे नाव आणि समोर औषध आहे, ते परीक्षेच्या आदल्या रात्रीपुरते ठीक. शब्द अडला तर बघायला ‘ब्लॅक्स व्हेटर्नरी डिक्शनरी’ आहे, १९२८ पासून. हा कोश पालकांनाही वाचता येतो, इतकी त्याची इंग्रजी सोपी आहे.

उपचार करणाऱ्याचे पुस्तक वेगळे. त्याला समोर जनावर असताना दोन मिनिटांत पान सापडले पाहिजे. ‘मर्क व्हेटर्नरी मॅन्युअल’ पहिल्यांदा १९५५ मध्ये निघाले. आज ते संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येते आणि त्यात जनावरे पाळणाऱ्यांसाठी सोप्या भाषेतला वेगळा भागही आहे. औषधांच्या मात्रांसाठी प्लम्ब यांचे पुस्तक बहुतेक पशुवैद्य वापरतात. अशा पुस्तकात प्रत्येक औषधापुढे तीन गोष्टी आहेत का बघाव्यात: कोणत्या प्राण्याला, किलोमागे किती, आणि औषध दिल्यावर किती दिवस दूध किंवा मांस वापरायचे नाही. ही तिसरी गोष्ट नसेल, तर त्या पुस्तकाचा परिणाम गोठ्यातून निघून माझ्या ओपीडीत येतो. गाईला दिलेले प्रतिजैविक दुधातून कुणाच्या तरी लहान मुलाच्या पोटात जाते.

आणि साल बघावे. रद्दीच्या दुकानात जुने जाड पुस्तक स्वस्तात मिळाले, की मोह होतो. अशा पुस्तकात बुळकांडीवर पानेच्या पाने असतात. बुळकांडी जगातून संपल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून घालवलेला हा दुसरा आजार. लम्पी मात्र त्यात आफ्रिकेचा आजार म्हणून चार ओळींत उरकलेला असेल. भारतात तो २०१९ मध्ये आला आणि २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या गोठ्यांचे काय झाले, ते माणमध्ये वेगळे सांगायला नको. डायक्लोफिनॅकचे उदाहरण याहून बोलके आहे. गुरांच्या दुखण्यावर ते औषध सर्रास दिले जात होते. ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. देशातली गिधाडे जवळजवळ संपली, तेव्हा कारण कळले. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. त्याआधीच्या पुस्तकात ते औषध निर्धोक म्हणूनच छापलेले असणार, आणि लिहिणाऱ्याचा त्यात दोषही नाही.

पाळणाऱ्याचे पुस्तक पातळ असले तरी चालते. त्यात औषधे कमी आणि ओळखण्याच्या खुणा जास्त असाव्यात. निरोगी जनावर कसे दिसते, किती वेळा रवंथ करते, श्वास किती, ताप किती. आपल्याला ९८.६ अंश फॅरनहाइट ठाऊक असते. घोड्याचे तापमान १०० च्या आसपास, गाईचे १०१.५, कुत्र्याचे १०१ ते १०२, कोंबडीचे तर १०६ च्याही वर. हे माहीत नसले, की ठणठणीत कुत्र्याला ताप आला म्हणून माणसाची गोळी कुस्करून दिली जाते. पोटफुगी, फऱ्या, विषबाधा, अडलेले वासरू अशा वेळी डॉक्टर येईपर्यंत काय करायचे आणि काय करायचे नाही, एवढे त्यात स्पष्ट मराठीत असले की पुरे. लशींचे वेळापत्रक हवे. घरच्या घरी इंजेक्शन कसे द्यावे हे शिकवणारे पुस्तक असेल, तर ते तसेच दुकानात ठेवून यावे.

सरफोजींकडे परत येऊ. १८२० मध्ये ते मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेला निघाले आणि १८२२ मध्ये परतले. कंपनीच्या दृष्टीने ही एका धार्मिक राजाची तीर्थयात्रा होती. ती होतीच. पण वाटेत आणि काशीत त्यांनी पोथ्या मिळवल्या, नकला करून घेतल्या आणि तंजावरला आणल्या. सरस्वती महालाच्या संस्कृत संग्रहात या यात्रेने मोठी भर पडली.

रुग्णांसाठीची सोय वाड्यापुरती नव्हती. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी यात्रेकरूंसाठी छत्रे बांधलेली होती. तिथे जेवण मिळे, आजारी वाटसरूला औषध मिळे, बाळंतिणीची सोय होई. राज्य कंपनीकडे गेले, तरी छत्रांचा कारभार आपल्याकडे राहावा म्हणून सरफोजींनी रेसिडेंटशी पत्रव्यवहार केला. त्यांची प्रिय सहचरी मुक्तांबा हिच्या नावाने त्यांनी ओरतनाड इथे नवे छत्र बांधले, मुक्तांबाळपुरम. तिथे शाळाही चालवली. मुलांना राहणे-जेवण फुकट होते आणि अनेक भाषा शिकवल्या जात.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी वारले. वय ५४. मुलगा शिवाजी गादीवर आला आणि तो १८५५ मध्ये वारल्यावर वारस नाही म्हणून कंपनीने उरलेसुरले संस्थानही खालसा केले. वाड्यातली पुष्कळ चीजवस्तू गेली, ग्रंथ राहिले. मद्रास इलाख्यातले न्यायाधीश बर्नेल यांनी त्यातल्या संस्कृत पोथ्यांची सूची करून १८८० मध्ये छापली. १९१८ मध्ये ग्रंथालय लोकांसाठी खुले झाले. अश्वशास्त्र १९५२ मध्ये आणि गजशास्त्र १९५८ मध्ये ग्रंथालयाने चित्रांसह छापले. मोडीतली शेकडो बाडे अजूनही तिथे आहेत. मोडी वाचता येणाऱ्यांची संख्या दर पिढीला घटते आहे, आणि ती वाचायला जाणारे मराठी लोक फारच थोडे.

ओरतनाडचे मुक्तांबेचे छत्र अजून उभे आहे. त्याच गावात २०१२ मध्ये तमिळनाडूच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने आपले नवे महाविद्यालय सुरू केले.